दुसऱ्यांदा कोण वाजवणार?

सॅक्सोफोनला बेथोवेन नाही. मोझार्ट नाही, बाख नाही, शुबर्ट नाही, हे सगळे सॅक्सोफोन जन्माला यायच्या आधीच गेलेले. बेथोवेन गेला १८२७ ला आणि अ‍ॅडॉल्फ सॅक्सने पॅरिसमध्ये पेटंट घेतलं १८४६ ला, म्हणजे जेमतेम वीसेक वर्षांनी चुकामूक झाली आणि ती चुकामूक सॅक्सोफोनवाले आजपर्यंत निस्तरतायत. पियानो शिकणाऱ्या मुलीपुढे आयुष्यभर पुरून उरेल एवढं आधीच लिहून ठेवलेलं असतं, तिला फक्त यातलं काय सोडायचं ते ठरवायचं असतं. सॅक्सोफोनवाल्याचं उलटं, वाजवायचं काय इथूनच सुरुवात. मग एकतर दुसऱ्या वाद्यांसाठी लिहिलेलं उसनं घ्या नाहीतर कुणाला तरी गाठून, पैसे देऊन, आपल्यासाठी नवीन लिहून घ्या. (जॅझ ही तिसरी वाट आहेच, आणि ती एवढी रुंद आहे की बहुतेकांना सॅक्सोफोन म्हणजे जॅझ एवढंच माहीत असतं. आज तिकडे जात नाही.)

मी राहते नेदरलँड्समध्ये, आणि इथे या ऑर्डर देऊन लिहून घेण्याच्या वाटेवर भरपूर वर्दळ आहे. मला तिकडे नेलं आमच्या शेजारणीने. सत्तरी ओलांडलेली बाई, शाळेत संगीत शिकवायची, त्यांना मी नावाने हाक मारते कारण इथे तशीच रीत आहे पण मनातल्या मनात त्या काकूच. काकूंना जुनं संगीत ऐकायला बाहेर जायचा कंटाळा, ते म्हणे घरी रेकॉर्डवर आहे की, नवीन काय निघालंय ते बघायला जायचं. गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला आणि माझ्या नवऱ्याला असंच ओढत एका ड्युओला नेलं. सॅक्सोफोन आणि पियानो, सगळेच पीस डच कंपोझरांकडून नव्याने लिहून घेतलेले, त्यातले तीन तर त्या संध्याकाळी पहिल्यांदाच वाजणार होते.

हॉल म्हणजे जुनं चर्च. इथे प्रार्थनेला माणसं उरली नाहीत म्हणून कितीतरी चर्च आता कॉन्सर्टला देतात, आवाज सुंदर घुमतो आणि थंडी मरणाची वाजते. ही थंडी फक्त आपल्यालाच वाजते असं नाही. सॅक्सोफोन गार पडला की सूर उतरतो, कारण गार हवेत आवाजाचा वेग कमी होतो, आणि पियानो तर ट्यूनर सकाळी लावून गेला तिथेच बसलेला, इथे बऱ्याच ठिकाणी ४४२ हर्ट्झला लावतात, म्हणजे नेहमीच्या ४४० पेक्षा जरा चढा, तो काही सॅक्सोफोनसाठी खाली यायचा नाही. म्हणून तो वाजवणारा माणूस दोन पीसच्या मध्ये, लोक टाळ्या वाजवत असताना, वाद्यात आवाज न काढता नुसती गरम हवा फुंकत होता. माझ्या नवऱ्याला वाटलं वाद्य बिघडलं.

पहिल्यांदा जाणाऱ्याला अजून एक गंमत कळत नाही ती म्हणजे या दोघांच्या कागदावर एकच सूर वेगळा लिहिलेला असतो. ऑल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर सी असेल तर कानाला ऐकू येतो ई फ्लॅट, म्हणजे आपल्या हिशोबात सा वाजवायला जावं आणि खालच्या सप्तकातला कोमल ग निघावा. आता यात कंपोझर गोंधळला, किंवा पियानोवाल्याच्या प्रतीत एक आणि सॅक्सोफोनवाल्याच्या प्रतीत दुसरं असं काही छापलं गेलं, की रिहर्सलचा अर्धा दिवस त्यातच जातो. जुन्या पीसमध्ये अशा चुका कधीच कुणीतरी शोधून ठेवलेल्या असतात. नव्या पीसमध्ये त्या शोधणारे पहिले तुम्हीच.

तसं बघितलं तर सॅक्सोफोनसाठी पहिली ऑर्डर देणारा माणूस खुद्द अ‍ॅडॉल्फ सॅक्सच. हा जन्मला बेल्जियममधल्या दिनां गावात १८१४ ला, आणि १८१५ ते १८३० बेल्जियम नेदरलँड्सच्याच राज्यात होता, त्यामुळे त्याचं सगळं बालपण डच राजाच्या राज्यात गेलं आणि त्याचे वडील त्याच राजाच्या दरबाराला वाद्यं बनवून द्यायचे. डच लोक हे फारसं सांगत नाहीत, का कोण जाणे. तर हा पुढे पॅरिसला गेला, १८५७ पासून तिथल्या कॉन्झर्व्हेटरीत सॅक्सोफोन शिकवायला लागला, आणि परीक्षेला मुलांनी वाजवायचं काय हा प्रश्न लगेचच उभा राहिला. मग त्याने ओळखीतल्या कंपोझरांकडून पीस लिहून घेतले आणि स्वतःच छापले, सॅंजले नावाच्या त्याच्या बेल्जियन मित्राने तर असे किती लिहिले, सॅक्सोफोन आणि पियानो. म्हणजे ही जोडी जन्मली परीक्षेच्या हॉलमध्ये. १८७० ला तो वर्ग बंद पडला आणि परत सुरू झाला तो एकदम १९४२ ला, मार्सेल म्यूल या सॅक्सोफोनवाल्याच्या हाताखाली. सत्तरहून जास्त वर्षं पॅरिससारख्या ठिकाणी त्या वाद्याला गुरुकुलच नव्हतं म्हणा ना.

त्या मधल्या काळातली माझी आवडती व्यक्ती एलिस हॉल. बॉस्टनची श्रीमंत बाई. टायफॉइडनंतर ऐकू कमी यायला लागलं, डॉक्टर नवऱ्याने सांगितलं एखादं फुंकायचं वाद्य घे, तिने सॅक्सोफोन घेतला. घेतला तो घेतला, वर फ्रान्समधल्या मोठमोठ्या कंपोझरांना पैसे पाठवून पीस मागवायला लागली. त्यात एक देब्युसी. त्याने पैसे घेतले, ते खर्चही झाले, आणि पीस काही होईना. मग त्याने तिला पॅरिसमध्ये वाजवताना पाहिलं, गुलाबी ड्रेसमधली बाई असलं बेढब वाद्य वाजवतेय हे त्याला हास्यास्पद वाटलं. शेवटी कसाबसा कच्चा खर्डा करून ठेवला, तो गेल्यावर दुसऱ्याने तो पुरा केला आणि १९१९ ला पॅरिसमध्ये वाजला तेव्हा वाजवणारा कुणी तिसराच. आज जगभरातले सॅक्सोफोनवाले तो पीस वाजवतात. त्यांच्याकडे एवढ्या मोठ्या नावाचं तेवढंच तर आहे, आणि तेही एका बाईने तगादा लावला म्हणून.

हे सगळं सांगायचं कारण असं की ‘ऑर्डर देऊन लिहिलेलं संगीत’ म्हटलं की आपल्याकडची माणसं नाक मुरडतात. आतून आलं पाहिजे म्हणे. सॅक्सोफोनच्या बाबतीत आतून यायची वाट बघत बसले असते तर अजून परीक्षेलाही काही वाजवायला नसतं.

डच लोकांनी या ऑर्डरची रीतसर घडीच बसवलीय. १९४७ ला डोनेमुस नावाची संस्था निघाली, डच कंपोझरांची हस्तलिखितं जमवायची, प्रती काढायच्या, ज्याला वाजवायचं असेल त्याला मिळतील अशी सोय करायची. त्याच्या आधी दोन वर्षं, युद्ध संपल्या संपल्या, बिल्थोवनमध्ये वाल्टर मास नावाच्या माणसाने गाउडेआमुस सुरू केलं. हा जर्मनीतून पळून आलेला ज्यू, युद्धात इथे लपून राहिला आणि जगला, आणि मग ज्या देशाने आसरा दिला त्याचे उपकार कसे फेडायचे तर तरुण कंपोझरांना घरी बोलवून, त्यांचं संगीत वाजवून. मला ही गोष्ट काकूंनी सांगितली तेव्हा त्या एवढ्या सहज सांगत होत्या की जणू शेजारच्या कॉलनीतला माणूस. आता सरकारी पैशावर चालणारा फंड आहे, तुम्ही वादक असाल तर अमुक कंपोझरकडून अमुक मिनिटांचा पीस लिहून घ्यायचाय म्हणून अर्ज करायचा, कुठे कुठे वाजवणार ते लिहायचं, मंजूर झालं तर कंपोझरला मानधन मिळतं. त्या संध्याकाळच्या पत्रकावर प्रत्येक पीसखाली बारीक अक्षरात कोणाच्या मदतीने लिहिला गेला ते छापलेलं होतं.

ही घडी काही सुखासुखी बसलेली नाही. १७ नोव्हेंबर १९६९ ला अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखबाउ या मोठ्या हॉलमध्ये ऑर्केस्ट्रा सुरू होताना लुई आंद्रिसन, मिशा मेंगलबर्ग, पीटर स्खाट वगैरे तरुण कंपोझर मंडळींनी खेळण्यातले टिकटिक करणारे बेडूक वाजवून कार्यक्रम उधळला, मागणी काय तर तुम्ही नवीन संगीत का वाजवत नाही यावर लोकांसमोर चर्चा करा. तीन वर्षांनी आंद्रिसनने स्वतःचा बँडच काढला, दे फोल्हार्डिंग, त्यात सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि पियानोवर तो स्वतः, व्हायोलिनला जागाच नाही. रस्त्यावर, मोर्चात वाजवायचे. त्या बँडने डच कंपोझरांच्या कानात सॅक्सोफोन आणि पियानो हे एकत्र जोरात, कोरडं, तालावर वाजवायचं प्रकरण म्हणून बसवलं असं मला वाटतं, आजही इथे या जोडीसाठी नवीन लिहिलेलं ऐकलं की निम्म्या वेळा त्याचीच आठवण येते.

आणि वादकही तसेच निघाले. एट बोखार्टने सॅक्सोफोनची शिकवणूक इथे रुजवली, आर्नो बोर्नकाम्प, राफ हेकेमा असे पुढचे आले, १९८२ ला ऑरेलिया क्वार्टेट झालं, १९८५ ला कालेफाक्स नावाचं पाच जणांचं टोळकं, ओबो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बास क्लॅरिनेट, बॅसून, अशा जोडणीसाठी आधी कुणी लिहिलेलंच नव्हतं म्हणून सगळं स्वतः बेतून घ्यायचं नाहीतर लिहून घ्यायचं. हॅरी स्पारनाय तर मुळात टेनर सॅक्सोफोन शिकायला गेलेला, बास क्लॅरिनेटच्या प्रेमात पडला आणि एवढ्या लोकांच्या मागे लागला की त्या एका माणसासाठी सहाशेहून जास्त पीस लिहिले गेले. सहाशे! त्यातले आज किती वाजतात हा वेगळा प्रश्न, त्यावर येतेच.

तर ती संध्याकाळ. पहिला पीस त्या आंद्रिसनच्या घराण्यातलाच, सॅक्सोफोन आणि पियानो एकच ओळ वाटून घेतात, एक सूर याचा एक त्याचा, एक याचा दोन त्याचे, आणि वेग असा की जरा कुणी चुकलं तर सगळं कोसळणार. मध्ययुगातली युक्ती आहे ही, आंद्रिसनने १९७६ ला होकेटुस नावाचा अख्खा पीस त्यावर लिहिला, दोन गट समोरासमोर आणि एकमेकांच्या सुरावर कधीच सूर टाकायचा नाही. चर्चमध्ये आवाज घुमत असल्यामुळे इथे थोडी खिचडी झाली पण मजा आली. नवरा जागा होता.

दुसरा पीस मात्र मी विसरणार नाही. सॅक्सोफोनवाला पियानोजवळ गेला, झाकण पूर्ण उघडं, पियानोवालीने कळांना हातच लावला नाही, फक्त उजवं पेडल दाबून धरलं, आणि त्याने वाद्याचं तोंड पियानोच्या पोटात धरून एक लांब सूर फुंकला. मग थांबला. आणि आतून तो सूर परत यायला लागला, सगळ्या मोकळ्या तारांतून, आपल्या सारंगीच्या तरफा जशा न छेडता बोलतात ना अगदी तसा. त्याने दुसरा सूर टाकला, पहिल्याच्या अगदी जवळचा, पाव सूर वर, पियानोत नसलेला. आता पियानोची तार पाव सुराला कशी काय उत्तर देणार? ती नीट देत नाही, आजूबाजूच्या तारा अर्धवट हलतात, एक धुरकट काहीतरी ऐकू येतं. सगळा पीस या एका गोष्टीवर उभा होता, एक जण सूर हवा तसा वाकवू शकतो आणि दुसऱ्याचे सूर जागेवर खिळलेले, आणि पियानोवाली मग हळूहळू त्या धुरातून आपले खिळलेले सूर एकेक करून वाजवायला लागली. शेवटी कंपोझर, तिशीतली मुलगी, प्रेक्षकांतून उठून पुढे गेली, तिला फुलं दिली. इथे फुलं सगळ्यांनाच देतात आणि लोक उभेही सगळ्यालाच राहतात, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही. पण काकू पेपरमिंट चघळायची थांबल्या होत्या.

तिसरा पीस भयंकर होता. स्पष्टच लिहिते. घशातून घोगरे, एकदम तीन-तीन सूर फुटल्यासारखे आवाज, मग जिभेचे फटके, मग नुसती हवा, मग परत घोगरे, हे सगळं वाद्यातून निघू शकतं हे मान्य, पण निघू शकतं म्हणून काढायचं? पियानोवाली मधूनच एखादा सूर द्यायची, हजेरी लावल्यासारखा. नवरा झोपला आणि मी त्याला उठवलं नाही.

यावर मला सारखी आठवत होती ती आपली पेटी. तीही त्याच पॅरिसची आणि जवळपास त्याच सुमाराची, अलेक्झांद्र दबॅंने हार्मोनियम बनवली ती १८४० च्या आसपास. ती आपल्याकडे आली, कीर्तनात बसली, संगीत नाटकात बसली, भजनात बसली, आणि पेटीसाठी म्हणून वेगळं कुणी काही लिहून मागवलं नाही. तिला मींड येत नाही, सूर खिळलेले, म्हणून रेडिओने १९४० ते १९७१ तिच्यावर बंदी घातली तरी ती घराघरात राहिलीच. सॅक्सोफोनचंही आपल्याकडे तेच झालं. कद्री गोपालनाथांनी म्हैसूरच्या राजवाड्यात सॅक्सोफोन ऐकला आणि ठरवलं यावर कर्नाटक संगीत वाजवायचं, वाद्यातच फेरफार केले, गमक निघेपर्यंत वर्षानुवर्षं घासलं, १९९४ ला लंडनच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवापर्यंत पोचले. त्यांना वाजवायचं काय हा प्रश्नच पडला नाही. कर्नाटक संगीतातला थोर रचनाकार त्यागराज होताच. आपल्याकडे वाद्य नवीन येतं आणि जुन्या संगीताला शरण जातं, इथे वाद्य नवीन आलं की त्याच्यासाठी नवीन संगीत मागवतात. मला दोन्ही पटतं. पण कद्रींच्या वाटेला त्यागराज लागतो, आणि तो सॅक्सोफोनला युरोपात मिळाला नाही.

बरं डच लोकांचे कान आपल्या बाजूला बंद आहेत असंही नाही. तोन दे लेऊ हा कंपोझर १९६१ ला भारतात येऊन गेला, नंतर अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्याने दोन पिढ्या शिकवल्या, आणि रॉटरडॅमच्या कॉन्झर्व्हेटरीत तर हरिप्रसाद चौरसियांनी वर्षानुवर्षं बासरी शिकवली. एक सूर लांबवर धरून त्यातच बघत बसायची सवय इथे काही जणांना आहे ती कुठून आली याचा अंदाज बांधता येतो. दुसऱ्या पीसवाल्या मुलीला मी विचारणार होते, राहून गेलं, तिच्याभोवती गर्दी होती.

सॅक्सोफोनवाल्याशी मात्र बोलणं झालं. हातात वाइनचा ग्लास, गळ्यात अजून तो पट्टा लटकत होता. मी म्हटलं एवढे नवीन पीस, पैसे मिळवणं अवघड जात असेल. तो म्हणाला जातं, पण ते एकदा मिळतात. दुसऱ्यांदा वाजवायला कोणी बोलवत नाही. हॉलवाल्यांना, फेस्टिव्हलवाल्यांना पहिल्यांदाच वाजणारं हवं असतं, पोस्टरवर तसं छापता येतं, पेपरात दोन ओळी येतात, दुसऱ्यांदा वाजणाऱ्या पीसला पोस्टरवर काय लिहिणार? हे दोघं तो पाव सुराचा पीस कित्येक आठवडे बसवत होते, बारा-पंधरा मिनिटांसाठी.

२०११ ला इथल्या सरकारने संस्कृतीच्या खर्चातून २० कोटी युरो कापायचं ठरवलं, डाव्यांचा छंद म्हणून हिणवलं गेलं, लोक रॉटरडॅमहून हेगपर्यंत चालत गेले, तरी कात्री लागलीच. काकूही त्यात चालल्या होत्या, पूर्ण नाही, गुडघ्यामुळे. त्या वेळी सगळा वाद पैसे द्यायचे की नाही यावर झाला. मला विचाराल तर पैसे द्यावेत, आणि त्यातले निदान काही नवीन लिहायला देण्याऐवजी आधी लिहिलेलं परत वाजवायला द्यावेत. कारण एलिस हॉलने मागवलेला पीस टिकला तो मागवला म्हणून नाही, तो वाजत राहिला म्हणून. देनिसोव्ह या रशियन कंपोझरने १९७० ला लाँदेक्स या फ्रेंच सॅक्सोफोनवाल्यासाठी लिहिलेला सोनाटा आज परीक्षेला मुलं घोटतात, चुका कुठे होतात ते सगळ्यांना पाठ आहे, म्हणून त्याला चांगलं वाजवलं की वाईट हे सांगता येतं. याकोब तेर फेल्टहाउसने १९९९ ला टेनर सॅक्सोफोन आणि टेपवरच्या कैद्यांच्या आवाजांसाठी ग्रॅब इट लिहिला तो बोर्नकाम्पपासून निघून कुठल्या कुठे गेला. बाकीचे शेकडो पीस डोनेमुसच्या यादीत नीट नंबर घालून पडलेत, त्यात चांगले किती आणि टाकाऊ किती हे कळायला ते कुणीतरी वाजवायला तर हवेत. माझंही तेच. तो पाव सुराचा पीस मला आवडला की नुसती ती पियानोत फुंकायची युक्ती आवडली, हे एकदा ऐकून मी कसं सांगू? यमन पहिल्यांदा ऐकणारा माणूस मी माझ्या आयुष्यात बघितलेला नाही, सगळे आधीच ऐकून आलेले असतात. इथे अख्खं चर्च भरून माणसं, आणि एकालाही आधी माहीत नाही.

वसंतात तेच दोघं तोच कार्यक्रम ग्रोनिंगनला करतायत, नवीन काहीही न घालता. पत्रकावर पहिला प्रयोग वगैरे शब्द नाहीत त्यामुळे पेपरात काही येणार नाही. काकूंनी तिकिटं काढलीसुद्धा, ट्रेनला दोन-अडीच तास आहेत, डबा मी करणारे. नवऱ्याने विचारलं तो घोगरा पीस पण आहे का. मी पत्रक बघितलं. आहे, आणि या वेळी शेवटी ठेवलाय, म्हणजे मधेच उठताही येणार नाही.